मुक्काम पोस्ट मेस्त्रे

टूर कंपनीनं दिलेल्या कार्यक्रमपत्रिकेत सातव्या दिवसापुढे दोनच ओळी होत्या : ‘व्हेनिस दर्शन, गोंडोला राइड. मुक्काम मेस्त्रे.’ ते साल २०११. बेचाळीस जणांची आमची बस रात्री साडेनऊला स्टेशनजवळच्या हॉटेलापाशी थांबली. आम्ही वरणभात जेवलो, झोपलो आणि सकाळी सातला बॅगा बसच्या पोटात टाकून निघालो. खोलीच्या खिडकीतून दिसणारा एक सिग्नल आणि औषधांच्या दुकानावरचा हिरवा क्रॉस, एवढंच मेस्त्रे माझ्या वाट्याला आलं. घरी आल्यावर अल्बमात व्हेनिसचे साठेक फोटो लावले. मेस्त्रेचा एकही नव्हता.

भाची तिथे शिकायला गेली नसती, तर हे गाव परत माझ्या वाटेत आलंच नसतं. व्हेनिसच्या का फोस्कारी विद्यापीठाचा विज्ञानाचा परिसर बेटांवर नाही, तो खाडीच्या अलीकडे, मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेत आहे, वीआ तोरिनो नावाच्या रस्त्यावर. ती तिथे खाजणातल्या गाळाचा अभ्यास करते. २०२३च्या नोव्हेंबरात मी तिच्याकडे बारा दिवस राहिले. पहिल्याच संध्याकाळी चहा करता करता ती म्हणाली, “मावशी, व्हेनिस तू बघितलंयस. या वेळी माझं गाव बघ.”

दोन वर्षांत ती त्याला ‘माझं गाव’ म्हणायला लागली होती. आम्ही लहान असताना पत्रावर पत्ता लिहायचो, मु. पो. कळवा, जिल्हा ठाणे. रात्रीपुरता मुक्काम वेगळा आणि पोस्टमन ज्या दारात पत्र टाकतो तो मुक्काम वेगळा. हे गाव मी फक्त पहिल्या अर्थानं पाहिलं होतं.

भाची ज्या घरात एक खोली घेऊन राहते, त्या घराच्या मालकीणबाई एकाहत्तर वर्षांच्या. भाची त्यांना नुसतं ‘सिन्योरा’ म्हणते, म्हणून मीही. त्यांचा जन्म व्हेनिसच्या कास्तेल्लो भागातला, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांतला. ४ नोव्हेंबर १९६६ला समुद्राचं पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. भरतीनंतर सहा तासांत पाणी ओसरतं, हे व्हेनिसच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या दिवशी ओहोटीची वेळ आली आणि पाणी मागे हटलंच नाही. घरं गरम ठेवायला साठवलेलं तेल टाक्यांमधून बाहेर पडून पाण्यावर तरंगत होतं. पाणी गेल्यावर भिंतींवर त्या तेलाची काळी रेघ राहिली. “आईनं ती रेघ तीन वेळा घासली,” सिन्योरा म्हणाल्या आणि ओट्यापाशी उभं राहून हातानं उंची दाखवली, स्वतःच्या छातीइतकी. पुढच्या वर्षी त्यांच्या वडिलांनी मेस्त्रेत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. तिसऱ्या मजल्याचा आईला काय आनंद झाला होता, हे सांगताना त्या आजही हसतात.

अशी हजारो घरं त्या काळात बेटांना मुख्य भूमीशी जोडणारा पूल ओलांडून आली. १९५१ साली व्हेनिसच्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. २०२२च्या ऑगस्टात तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. आणि मेस्त्रे, शेजारचं मार्गेरा धरून अलीकडच्या मुख्य भूमीवर आज साधारण तेवढीच माणसं आहेत जेवढी तेव्हा पाण्यावर होती, पावणेदोन लाख. १९२६पासून मेस्त्रे व्हेनिसच्याच नगरपालिकेत आहे. वेगळं व्हायचं का, यावर १९७९पासून २०१९पर्यंत पाच वेळा मतदान झालं, पाचही वेळा ते बारगळलं. आम्ही प्रवासी ज्याला व्हेनिसच्या बाहेरचं स्वस्त हॉटेल समजतो, तिथेच व्हेनिसचे लोक राहतात. तिथे त्यांची पोरं शाळेत जातात, तिथे त्यांच्या बाल्कन्यांत कपडे वाळतात.

आता पाहण्यासारखं काय, ते सांगते.

पियाझ्झा फेर्रेत्तो हा गावचा चौक. एका बाजूला कमानींखाली दुकानं, टोकाला सान लोरेन्झोचं मोठं चर्च आणि त्याच्या समोरच्या अंगाला घड्याळाचा विटांचा बुरूज. मेस्त्रेला मध्ययुगात तटबंदी असलेला किल्ला होता. त्याचा डोळ्यांत भरेल असा उरलेला भाग म्हणजे हा बुरूज. याचा एक जोडीदार होता, बेल्फ्रेदोचा बुरूज. तो १८७६मध्ये पाडला, नाव तेवढं एका रस्त्याला राहिलं. चौकाला ज्याचं नाव दिलंय तो एर्मिनियो फेर्रेत्तो हा फॅसिस्टांविरुद्ध लढणारा इथला माणूस, १९४५च्या फेब्रुवारीत मारला गेला. युद्ध संपायला तीन महिनेही उरले नव्हते.

या चौकात संध्याकाळी सहाला जावं. कुणालाही कुठे जायचं नसतं आणि सगळे चालत असतात. म्हातारे नवरा-बायको हातात हात घालून, बाबागाड्या ढकलणाऱ्या आया, शाळेचं दप्तर बाकावर टाकून बसलेली पोरं. बारमध्ये उभ्यानं नारिंगी रंगाचा स्प्रिट्झ पिणारे. व्हेनिसच्या सान मार्को चौकात मी दीड तास उभी होते आणि त्या वेळात एकही माणूस दुसऱ्याला ओळखीनं हाक मारताना ऐकला नव्हता. इथे दहा मिनिटांत सिन्योरांना पाच जणांनी थांबवलं.

चौकापासून चार पावलांवर वीआ पोएरियो आहे. तिथे माझा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि पाहायला काय, तर फारशी रुंद नसलेली एक नदी. तिचं नाव मार्झेनेगो. गावात शिरताना ती दोन फाट्यांत विभागते. एक मुनेगेंचा म्हणजे नन्सचा फाटा आणि दुसरा बेक्केरीएंचा म्हणजे खाटकांचा. नावांवरूनच कळतं, काठावर कोण राहत होतं. विसाव्या शतकात गाव फुगलं, मोटारी आल्या, तेव्हा पाण्याच्या या वाटा झाकून वर रस्ते केले. खाटकांच्या फाट्याचा चौकाजवळचा भाग असाच डांबराखाली गेला होता. तो गेल्या काही वर्षांत पुन्हा उघडला. वरचा रस्ता काढून टाकला, कठडे बांधले, बाकं ठेवली.

नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग करणाऱ्या शहरांत माझा जन्म गेला. झाकलेलं पाणी परत उघडता येतं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते. मी कठड्यावर वाकून बघत राहिले. पाणी हिरवट, संथ. त्यात पलीकडच्या घराची पिवळी भिंत हलत होती आणि एक बदकांची जोडी पुलाखाली आतबाहेर करत होती. सिन्योरांना तो रस्ता रस्ता असतानाचा आठवतो. इथे त्या बस पकडायच्या. “खाली नदी आहे हे आम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या, “पाऊस पडला की वास यायचा.”

रस्त्याला नाव दिलेला आलेस्सांद्रो पोएरियो हा नेपल्सचा कवी. मार्च १८४८मध्ये व्हेनिसनं ऑस्ट्रियाचं राज्य झुगारून दिलं, दानिएले मानिन प्रमुख झाला आणि इटलीच्या दुसऱ्या टोकाहून माणसं लढायला आली. पोएरियो त्यांतला. २७ ऑक्टोबर १८४८ला व्हेनिसच्या सैनिकांनी फोर्ते मार्गेरा या जवळच्या किल्ल्यातून बाहेर पडून मेस्त्रेवर छापा घातला आणि ऑस्ट्रियाच्या फौजेला गावातून हुसकलं. त्या लढाईत पोएरियोच्या पायाला गोळ्या लागल्या, पाय कापावा लागला आणि आठवड्याभरात, ३ नोव्हेंबरला तो गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता.

लढाईच्या तारखेचं नाव असलेला चौक पुढेच आहे, मधोमध स्मारकाचा खांब. पण ‘२७ ऑक्टोबर चौक’ असं कुणी म्हणत नाही. सगळे म्हणतात ‘पियाझ्झा बार्के’, म्हणजे होड्यांचा चौक. चौदाव्या शतकात खाजणापासून इथपर्यंत कानाल साल्सो, म्हणजे खारा कालवा, खणला. मुख्य भूमीवरून व्हेनिसला जाणारा माल आणि माणसं इथे होडीत चढायची. घोड्यावरून आलेला प्रवासी इथे घोडा सोडायचा. कित्येक शतकं हा व्हेनिसचा धक्काच होता. मग १८४६मध्ये खाजणावरून रेल्वेचा पूल झाला आणि होड्यांचं काम संपलं. आज स्टेशनवरून गाडी सुटली की दहा-बारा मिनिटांत व्हेनिस येतं. गावात आता ट्राम धावते, रबरी चाकांची, रस्त्यात रुतवलेल्या एकाच रुळावरून चालणारी. पण नाव होड्यांचंच राहिलंय, याचा मला फार आनंद झाला.

कालव्याच्या कडेनं पुढे गेलं की फोर्ते मार्गेरा. आपल्याकडचे किल्ले डोंगरावर नाहीतर समुद्रात. हा सपाटीवर, पाण्याच्या खंदकांनी वेढलेला, वरून पाहिला तर चांदणीसारखा. १८०५च्या सुमारास ऑस्ट्रियनांनी बांधायला घेतला, नेपोलियनच्या फ्रेंचांनी पुढे नेला. १८४९च्या मे महिन्यात याच किल्ल्यावर ऑस्ट्रियाच्या तोफांनी दिवसचे दिवस मारा केला. २६ तारखेच्या रात्री व्हेनिसचे सैनिक तो सोडून मागे हटले आणि जाताना रेल्वेच्या पुलाच्या कमानी उडवून गेले. जेमतेम तीन वर्षांचा पूल. ऑगस्टमध्ये व्हेनिस शरण आलं. आता किल्ल्यात प्रदर्शनं भरतात, उन्हाळ्यात गाणी होतात आणि मांजरांची एक मोठी वसाहत आहे. गावातले लोक त्यांची निगा राखतात. एका जुन्या बराकीच्या पायरीवर एक करडं मांजर बसलं होतं, एका डोळ्यानं आंधळं. एक आजोबा पिशवीतून डबा काढून त्याला चमच्यानं भरवत होते. तो चमचा घरच्या चहाचा होता, दांड्यावर नक्षी असलेला.

एम-९ हे विसाव्या शतकाचं संग्रहालय १ डिसेंबर २०१८ला उघडलं. बर्लिनच्या साउरब्रुख हटन या वास्तुरचनाकारांची इमारत, तांबड्या-करड्या छटांच्या सिरॅमिकच्या पट्ट्यांनी मढवलेली. काचेच्या पेटीत ठेवलेली मौल्यवान वस्तू शोधाल तर निराश व्हाल. जवळजवळ सगळं पडद्यांवर आणि आवाजांत आहे : शंभर वर्षांत इटलीतला साधा माणूस कसा राहिला, काय जेवला, कुठे राबला. मला ते आवडलं, पण पाय दुखायला लागले. माझ्या वयाच्या माणसानं सकाळीच जावं.

आता सान जुलियानो. मला खरं तर याबद्दलच लिहायचं होतं.

हे उद्यान खाजणाच्या अगदी काठावर आहे. चौऱ्याहत्तर हेक्टर. २००४ साली लोकांसाठी खुलं झालं. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा काहीच दिसलं नाही. इथल्या बोलीत धुक्याला ‘काइगो’ म्हणतात, आणि त्या सकाळी काइगो इतका दाट होता की भाचीच्या अंगावरचं लाल जॅकेट दहा पावलांवर पुसट होत होतं. पायाखाली गवत, छान ओलं. टेकडी चढताना ती म्हणाली, “मावशी, आपण कचऱ्यावरून चाललोय.”

दुसऱ्या महायुद्धानंतर कित्येक वर्षं शहराचा आणि कारखान्यांचा कचरा इथे आणून टाकला गेला. ही उंची त्याची आहे. तो हलवणं शक्य नव्हतं, म्हणून भोवती बंदिस्त करून, वर मातीचे थर देऊन त्यावर ही हिरवळ आणि झाडं लावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. आकाश स्वच्छ होतं. टेकडीवरून समोर खाजण, लांबवर गेलेला पूल आणि पाण्यावर टेकलेलं अख्खं व्हेनिस. सान मार्कोचा मनोरा, घुमट, सगळं एका नजरेत, खेळण्यातलं मांडून ठेवल्यासारखं. व्हेनिसचं असं रूप व्हेनिसमध्ये उभं राहून दिसत नाही. आणि उजवीकडे मान वळवली की पोर्तो मार्गेरा : धुराडी, टाक्या, क्रेन. या दोन गोष्टी एकाच चौकटीत बघायला मी तयार नव्हते.

पोर्तो मार्गेराची सुरुवात १९१७ची. बेटांवर कारखाने बसणार नव्हते, म्हणून ते अलीकडच्या दलदलीत भराव घालून उभारले. १९३३मध्ये मोटारींचा पूल झाला. रसायनं, तेल, अल्युमिनियम, जहाजं. १९६०च्या दशकात तिथे तीस हजारांहून जास्त माणसं कामाला होती. मेस्त्रेचे ते घाईघाईत बांधलेले चौकोनी मजले त्यांच्यासाठीच उठले. लोक त्यांना कुरूप म्हणतात. मी नाही म्हणू शकत. आमची कळव्याची चाळ पाडून झालेली बिल्डिंग अगदी तशीच होती.

माझे बाबा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. पीव्हीसीची पावडर बनायची तिथे. फर्स्ट, सेकंड, नाइट अशा पाळ्या. त्यांच्या शर्टाला एक गोडसर वास असायचा आणि आई ते कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मोठ्या बंद भांड्यांच्या आतल्या अंगाला मालाची साय धरते, ती आत उतरून खरवडावी लागते, असं त्यांनी एकदाच सांगितलं होतं. जास्तीची खरवडण्याची पाळी घेतली की आम्हाला दिवाळीला एक कपडा जास्त मिळायचा. कधीमधी ते संध्याकाळी चपला घालत म्हणायचे, “जरा त्यांच्याकडे जाऊन येतो, कंपनीतला माणूस गेला.” कशानं गेला, हे आम्ही विचारलं नाही.

मार्गेरातही पीव्हीसी बनायचं. इथेही माणसं तशाच भांड्यांत उतरून खरवडत होती. तिथला एक कामगार, गाब्रिएले बोर्तोलोझ्झो, आपल्याबरोबर काम केलेल्यांची नावं लिहून काढायला लागला. कोण आजारी पडलं, कोण यकृताच्या कॅन्सरनं गेलं. तो डॉक्टर नव्हता, वकील नव्हता. घराघरांत जाऊन त्यानं माहिती गोळा केली आणि १९९४मध्ये ते सगळे कागद फेलिचे कास्सोन या सरकारी वकिलांसमोर ठेवले. १९९५मध्ये सायकलवरून जाताना ट्रकच्या धडकेनं तो गेला. खटला त्यानंतर, १९९८मध्ये उभा राहिला. २००१मध्ये कंपन्यांचे सगळे अधिकारी सुटले. लोकांनी सोडलं नाही. अपिलात, २००४मध्ये पाच जण दोषी ठरले.

भाची हे सगळं एकेक करून सांगत होती. तिच्या हातात तिचा चहाचा थर्मास होता, झाकण उघडं. सांगून झाल्यावर म्हणाली, “आजोबा पण हेच बनवायचे ना गं?”

मी हो म्हटलं. ती ज्या गाळाचे नमुने काढते तो याच कारखान्यांलगतच्या कालव्यांतला. आजोबांनी काय बनवलं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, विषय निवडताना तिच्या मनातही नव्हतं. आम्ही दोघी बराच वेळ त्या गवतात बसलो. शेजारी एक माणूस पतंग उडवत होता, खाली पाण्यात उभ्यानं वल्हवणाऱ्यांची एक होडी चालली होती. मला व्हेनिसकडे बघायचं सुचेना. मी त्या टाक्यांकडेच बघत होते, आणि बाबा इथे असते तर पाइपांच्या रंगांवरून कुठल्या नळीत काय आहे ते त्यांनी भराभर सांगितलं असतं, एवढंच मनात येत होतं.

मार्गेरात आता रसायनांचं काम पुष्कळ कमी झालंय. जहाजं मात्र बनतात, तीही अजस्र, प्रवासी क्रूझ. २०२१पासून असल्या मोठ्या जहाजांना सान मार्कोसमोरून जायला बंदी आहे. ती बांधणाऱ्या हातांत बांगलादेशातून आलेल्यांचे पुष्कळ. ते मेस्त्रेतच राहतात. स्टेशनजवळच्या वीआ पियावेवर त्यांची दुकानं ओळीनं आहेत. मला तिथे कोथिंबीर मिळाली, हिरव्या मिरच्या मिळाल्या, आणि दुकानदारानं माझ्या कपाळावरची टिकली बघून हिंदीतून विचारलं, “दीदी, कहाँ से?” बारा दिवसांत पहिल्यांदा मी कुणाशी मध्ये भाचीला न घेता बोलले. सिन्योरांच्या स्वयंपाकघरात त्या रात्री मी पोहे केले. त्यांनी त्यावर लिंबाबरोबर चीज किसून घेतलं. मी काही म्हटलं नाही, त्या आवडीनं खात होत्या.

जाणाऱ्यांसाठी कामाची एक गोष्ट. २०२४पासून ठरावीक दिवशी, दिवसापुरतं व्हेनिस बघायला येणाऱ्यांकडून प्रवेशाचे पैसे घेतले जातात. मेस्त्रेत मुक्काम असेल तर ते लागत नाहीत, कारण तुम्ही आधीच व्हेनिसच्या हद्दीत झोपलेले असता. मात्र आधी नोंद करून ठेवावी लागते. बहुतेक जण हे कळलं की मेस्त्रे घेतील आणि सातला निघतील. माझी कळकळीची विनंती आहे, एक संध्याकाळ तरी ठेवा.

मी निघायच्या आदल्या दिवशी ११ नोव्हेंबर होती, सान मार्तिनोचा दिवस. बेकऱ्यांच्या काचांमागे घोड्यावर बसलेल्या संताच्या आकाराची मोठाली बिस्किटं मांडलेली, वर साखरेची नक्षी आणि रंगीत गोळ्या. संध्याकाळी पोरं डोक्याला कागदी मुकुट घालून, घरातली पातेली आणि झाकणं बडवत दुकानादुकानांतून फिरतात, सान मार्तिनोचं गाणं म्हणतात आणि खाऊ, सुटे पैसे गोळा करतात. गाणं इटालियनमध्ये नसतं, व्हेनिसच्या बोलीत असतं.

आम्ही तिघी कोपऱ्यावरच्या बेकरीत होतो. सहा-सात पोरांचा घोळका आत आला. सगळ्यांत पुढे आठेक वर्षांचा एक मुलगा, काळेभोर केस, हातात ॲल्युमिनियमचं झाकण आणि कलथा. बाहेर दारात त्याची आई, डोक्यावर ओढणी, हातात त्याचं दप्तर. त्यानं जोरात गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीत सिन्योरांनी हात वर केला. सगळे थांबले. त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या आणि एक शब्द त्याला नीट म्हणून दाखवला, कास्तेल्लोतल्या तळमजल्यावर म्हणत असतील तसा. त्यानं तो दोनदा हळू म्हणून बघितला. मग झाकणावर कलथा आपटला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं.